आईची गूळतुला

माझ्या भावाला वाईट म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर मी त्याच्याशी कडाकडा भांडेन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी स्वतःच त्याच्यावर तोंडसुख घेणार आहे. बहिणीला तेवढी मुभा असते.

भावाचं नाव आकाराम. मी त्याला दादा म्हणते. आम्ही लहान असतानाच वडील गेले. आमचं गाव कागल तालुक्यातलं, आणि जमीन म्हणाल तर नावापुरती. दसरा झाला की आमच्या भागात उसाची गुऱ्हाळं पेटतात आणि शिमग्यापर्यंत चालतात. आई, तिचं नाव बयाबाई, या गुऱ्हाळावरून त्या गुऱ्हाळावर कामाला जायची. रस काढून उरलेली ओली चिपाडं डोक्यावरून वाहून न्यायची, उन्हात पसरायची, वाळली की पुन्हा गोळा करून जाळाला आणून द्यायची. अंगाने ती नुसती काडी होती. भाकरीवर काकवी ओतून ती आम्हा दोघांच्या हातात द्यायची आणि आपण उभ्याउभ्याच तुकडा मोडायची, कारण खाली टेकली की मालकाची हाक यायचीच. एकदा त्या मालकाने दादाच्या देखत म्हटलं, "बयाबाईच्या नशिबात बसून खाणं न्हाईच की!" बाकीचे हसले, आईसुद्धा हसली. मी ते विसरूनही गेले होते. दादाने ते काळजात धरून ठेवलं.

मिसरूड फुटायच्या आत तो कोल्हापुरात शाहूपुरीच्या गूळबाजारात हमालीला लागला. गुळाच्या मोठ्या ढेपांना तिथे रवे म्हणतात. ते पाठीवरून वाहून त्याच्या खांद्यांना घट्टे पडले. त्या हमालीतून त्याने मला शिकवलं, मास्तरीण केलं, मुरगूडला लग्न लावून दिलं. मग तो मुकादम झाला, मग एका अडत्याचा भागीदार झाला, आणि स्वराज्य आल्यावर थोड्याच दिवसांत त्याने स्वतःचं अडत दुकान थाटलं. राजारामपुरीत घर बांधलं. वास्तुशांतीला आईला गावाहून आणलं आणि परत जाऊच दिलं नाही. मधल्या खोलीत शिसवी खाट, तिच्यावर कापसाची गादी, पाठीला लोड. आईला हाताला धरून त्याने खाटेवर बसवलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "आई, आता ऊठ म्हणणारं कोण न्हाई. आता फकस्त बसून खायचं." मी पदराने डोळे पुसले.

त्यानंतर आईच्या हातून एकेक काम काढून घेतलं गेलं. तिने झाडू घेतला की माझी भावजय बनाबाई धावत यायची. "आत्ती, ठिवा त्यो झाडू. ह्यांनी बघितलं तर मला फाडून खातील." पाणी भरायला, भांडी घासायला बायडाबाई नावाची बाई ठेवली होती. दळण गिरणीवर जायचं. आईने एकदा गावाकडचं जातं आणवायची गोष्ट काढली, तर दादा हसत सुटला. "जातं कशाला? दळायला का चोरांनी बांधून ठेवलंय तुला?" सकाळी दूध, मग शिरा, दुपारी तुपात थबथबलेली पोळी, चार वाजता पुन्हा गोडाचं काहीतरी. एकादशीला साबुदाणा आणि बटाटा, तोही तुपातलाच. वैनीने पुढ्यात ठेवायचं आणि आईने संपवायचं. उरलं तर दादा विचारायचा, "आवडलं न्हाई व्हय?" आणि त्याचं तोंड पडायचं. मग आई तेही संपवायची.

सुट्टीत जाईन तेव्हा आई थोडी जास्त फुगलेली दिसायची. गावाकडची माणसं गूळ विकायला आली की आधी म्हातारीच्या पाया पडायला घरी यायची. "काय गरगरीत झालीया बयाबाई! लेकानं पांग फेडलं बघा!" ऐकून दादाची छाती फुलायची. आमच्यात म्हातारीची तब्येत तिची एकटीची नसते, ती पोराच्या अब्रूत जमा असते. आई हाडकुळी दिसली की शेजारपाजार सुनेकडे बघतो. आई भरली की पोरगा जिंकला. ती भरलेली आई चालते का, हे बघायची आमच्यात रीत नाही.

मला मात्र दिसत होतं. तिची पोटरी पूर्वी दगडासारखी होती. आता हात लावला तर बोटं आत जायची. खाटेवरून उतरून मागच्या दारी जाईपर्यंत ती भिंतीला हात लावत जायची आणि मध्येच थांबून देवाचं नाव घेतल्याचं सोंग करायची. एका मे महिन्यात वैनी माहेरी गेली होती. दुपारी आई मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "बाळे, तुला एक सांगू? कुणाला बोलू नगंस."

गेल्या महिन्यात, म्हणे, घरात कोणी नव्हतं. तिला सांडलेले तांदूळ वेचायची हुक्की आली, म्हणून ती जमिनीवर बसली. तांदूळ वेचून झाले आणि तिला उठता येईना. खाटेचा पाय धरला, भिंत धरली, गुडघ्यांवर रेटा दिला. अंग जागचं हलेना. बायडाबाई संध्याकाळी भांड्यांना आली तोवर ती तशीच बसून होती. लुगडं ओलं झालं होतं. बायडाबाईला तिने सांगितलं की तांब्या सांडला.

"मी मरायला भीत न्हाई," आई म्हणाली. "पर आपल्या पायानं परसाकडंला जाता यायला पायजे. माणसानं उचलून न्यायचं, धुवायचं, पुसायचं... त्ये नगं बाई. त्येच्या आदी मला कायतरी कामाला लाव. तुज्याकडं म्हस हाय, घरामागं परडं हाय. मला घिऊन चल."

आई माझ्याकडे कधी काही मागत नाही. म्हणून त्याच आठवड्यात मी आईला आणि दादाला घेऊन राजारामपुरीतल्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी आईला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला जमलं नाही. ते दादाला म्हणाले, "शेठ, यांना औषध नको. गोड आणि तूप कमी करा. रोज चालवा. घरातली हलकी कामं करू द्या. वजन वाढतंय, पण अंगातली ताकद चालली आहे. असंच चाललं तर एक दिवस या खाटेवरून उठायच्या नाहीत."

दादाने घरात पाऊल टाकलं आणि त्याचा स्फोट झाला.

"काम करू द्या म्हणं! आकाराम अडत्याची आई पाणी भरतीया म्हणून बाजारभर बोंब व्हईल. अन् तूप कमी करा? उपाशी ठेवू व्हय तिला? उपाशी राहून दिवस काढलं तिनं, त्ये त्या डाक्टरानं बघितलं व्हतं व्हय?"

"दादा, उपाशी ठेव असं कोण म्हणतंय? मी तिला मुरगूडला नेते. थोडे दिवस परड्यात हिंडू दे."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाळे, तुज्या घरात ती खाणार काय?"

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. मला मूल झालं नाही. आता होणारही नव्हतं. इतक्या वर्षांत आई माझ्या दारात आली ती शिदोरी बांधून, ओट्यावर बसून परत गेली. माझ्या हातचा घोटभर चहा तिने कधी घेतला नव्हता. माझे यजमान केरबा साधे माणूस, त्यांना कधी याचं काही वाटलं नाही. पण मला प्रत्येक वेळी वाटायचं. दादाने ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, पण लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने आईसाठी ताकदीच्या औषधाच्या बाटल्या आणल्या आणि शिऱ्यात बदाम वाढवले.

त्याच वर्षी, त्रेपन्न साली, दादाने गूळतुलेचा घाट घातला. धंद्यात बरकत आली तर आईच्या भारोभार गूळ वाटीन, असा त्याने अंबाबाईला नवस केला होता. दिवाळीच्या पाडव्याला बाजारात नव्या गुळाचे सौदे निघतात. तोच मुहूर्त धरला. अडते, दलाल, हमाल, गावाकडची माणसं, सगळ्यांना आवतण गेलं. तराजूत बसायचं म्हटल्यावर आई नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिने सौदा केला.

"बसती की," ती म्हणाली. "पर गूळतुला झाली की मला बाळीकडं जाऊ द्यायचं. माजा शिधा मी बांधून न्हेती. माजी चूल मी मांडती. तिच्या घरचं कायबी तोंडात घालत न्हाई. मग तर झालं?"

दादा इतका आनंदात होता की हो म्हणून गेला. "बरं, आठ दिस जा."

पाडव्याच्या सकाळी दुकानाच्या आवारात मोठा काटा बांधला होता, रवे तोलायचा. एका पारड्यावर पाट, पाटावर नवं कांबळं. चौघींनी धरून आईला त्यावर बसवलं. निळं इरकली लुगडं, कपाळ मोकळं, हात मांडीवर. दादाने अंगरखा काढला आणि पहिला रवा स्वतःच्या पाठीवरून आणून दुसऱ्या पारड्यात ठेवला. मग दुसरा. हमाल पुढे झाले तर त्यांना त्याने मागे सारलं. प्रत्येक रव्याला लोक "आणखी! आणखी!" म्हणून ओरडत होते. गुळाचं पारडं खाली टेकायला तयार नव्हतं आणि तेच सगळ्यांना हवं होतं. घामाने भिजलेला दादा हसत होता, रडत होता. शेवटी पारडं टेकलं आणि एकच जल्लोष झाला. मला त्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

आता आईने पारड्यातून उतरून गुळाचा पहिला खडा आपल्या हाताने वाटायचा होता. दादाने हाक मारली, "आई, ये." आईने हात पाटावर टेकले. एकदा रेटा दिला. पुन्हा दिला. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. लोकांना वाटलं, म्हातारी संकोचली; कुणीतरी म्हणालं, "लाजू नगा बयाबाई, लेकाचंच दुकान हाय!" हशा पिकला. मग तिघा हमालांनी तिला पाटासकट उचललं, रवा उचलतात तसं, आणि बैठकीवर नेऊन ठेवलं. त्यातला एक कौतुकाने म्हणाला, "शेठ, ह्यो रवा लई वजनदार!" दादाही हसला. आईने मान खाली घातली ती गूळ वाटून संपेपर्यंत वर केली नाही. मला त्या हसणाऱ्या प्रत्येकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्यातला एकही माणूस वाईट नव्हता.

भाऊबीज झाली आणि आई माझ्याबरोबर मुरगूडला आली. मोटारीत चढवायला केरबा आणि कंडक्टर दोघे लागले. बरोबर जोंधळ्याच्या पिठाची पिशवी, डाळ, मीठ, तिखट, सगळं दादाने दुप्पट बांधून दिलं होतं. परड्यात, गोठ्याच्या आडोशाला, मी तिला तीन दगड मांडून दिले. पाणीसुद्धा तिने शेजारच्या विहिरीवरून दुसऱ्या बाईकरवी आणवलं.

ते पाणी आणून देणारी आक्का. आमच्या बोळाच्या टोकाला एका खोपटात ती एकटीच राहायची. आईच्याच वयाची, आईबरोबर गुऱ्हाळांवर चिपाडं वाहिलेली. मुलगा गिरणीत काम करायला म्हणून इचलकरंजीला गेला आणि त्याने पुन्हा तोंड दाखवलं नाही. आक्काच्या हातापायांवर मांस म्हणून उरलं नव्हतं. अर्धी भाकरी, कधी नुसतं हुलग्याचं पातळ माडगं, कधी तेही नाही. मी एखाद्या वेळी भाकरी पाठवली तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझं अंगण झाडून, धापा टाकत ओट्यावर बसलेली असायची. फुकटचं खाणं तिला जमत नव्हतं. तिचे हाल बघवेनात म्हणून मी भाकरी पाठवणं कमी केलं होतं.

पहिल्याच दिवशी आई चुलीपुढे बसली आणि नेहमीसारखी अडकली. आक्काने तिचे दोन्ही हात धरून ओढलं. आई उठली नाहीच, आक्काच तिच्या अंगावर पडली. मी शाळेतून आले तर दोन म्हाताऱ्या मातीत बसून हसत होत्या.

"बघ बाळे," आई म्हणाली, "मला खायला घालून घालून बसवलंय, अन् हिला न घालून."

मग त्या दोघींचं काय ठरलं मला माहीत नाही. आई आपल्या पिठाच्या भाकरी थापायला लागली आणि आक्का तिच्यासोबत जेवायला लागली. पाणी, सरपण आक्काने आणायचं, भाकरी आईने करायची. म्हणजे कुणीच कुणाचं फुकट खात नव्हतं. जेवण झालं की आक्का आईला उठायला लावायची. हात द्यायची नाही. नुसती समोर उभी राहून ओरडायची, "गुडघ्यावर ये! आता एक पाय म्होरं! दावं धर म्हशीचं! ऊठ की गं, चिपाडं कोण उचलणार, तुजा बा?" आई शिव्या घालत गुडघ्यांवर यायची. कधी जमायचं, बरेचदा नाही. मग ती गोठ्यापर्यंत जायला लागली, मग शेणी थापायला लागली. मेथीचा वाफा खुरपायला लागली. एका सकाळी मी चूल पेटवत होते आणि मागून आवाज आला, "बाळे, मी उठली." परड्यात ती एकटी उभी होती. आजूबाजूला आक्का नव्हती, म्हैस नव्हती, भिंत नव्हती. मी धावत जाऊन तिला मिठी मारली तर ती माझ्यावर खेकसली, "सर, पडशील मला घिऊन."

आठ दिवसांचे महिने झाले. दादाचा हंगाम जोरात होता, त्याला बाजारातून डोकं वर काढायला सवड नव्हती. पण एकीचा शिधा दोघी खात होत्या, तो लवकर संपला. मी म्हटलं, आता तरी माझं घे. ती ऐकेना. दादाला निरोप धाडते म्हटलं, तर म्हणाली, "नगं, त्यो न्ह्यायलाच यील."

तेव्हा तिने जे केलं ते तीच करू जाणे. मुरगुडात एक व्यापारी भुईमुगाच्या शेंगा बायकांना घरी फोडायला द्यायचा आणि मजुरीला जोंधळा मोजायचा. आई आणि आक्का जाऊन पोतं घेऊन आल्या. दिवसभर ओट्यावर बसून दोघी शेंगा फोडायच्या, संध्याकाळी दाणे पोचवून धान्य आणायच्या. जाताना आक्का आईला धरायची की आई आक्काला, ते सांगता आलं नसतं. आईचं पोट उतरलं, तोंड उन्हाने काळवंडलं. आक्काच्या गालांवर मात्र थोडं मांस आलं. सकाळी उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येणं थांबलं. मी रोज शाळेतून येताना बोळाच्या तोंडाशीच त्यांचं भांडण ऐकायची आणि मला घरी आल्यासारखं वाटायचं.

शेंगा फोडताना तिला कुणी बघितलं मला माहीत नाही. बाजारात गूळ घेऊन जाणारा एखादा शेतकरी असेल. शाहूपुरीत बातमी पोचली की आकाराम अडत्याने पाडव्याला आईला गुळात तोलली आणि शिमग्याच्या आत घराबाहेर काढली; म्हातारी मुरगुडात मजुरी करून खाते.

दादा आला तेव्हा दुपार होती. मी शाळेतून नुकतीच आले होते. आई परड्यात शेणाने भरलेल्या हातांनी वाकून शेणी रचत होती. दादा दारातच थांबला. त्याला ती आधी ओळखूच आली नाही, आणि ओळखल्यावर त्याच्या चेहऱ्याचं जे झालं ते मी कधी विसरणार नाही. चिपाडाचा भारा डोक्यावर घेतलेली बाई त्याला पुन्हा दिसली असणार.

"बाळे," तो म्हणाला, "हमाली करून शिकिवलं तुला. ह्येच्यासाठी? माज्या आईला राबवून घ्यायला?"

मी मग सोडलं नाही. तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "तू तिला खाटेवर पुरलं होतंस. डॉक्टर सांगत होता, ऐकलंस? तुला आई नको आहे दादा, तुला लोकांना दाखवायला बाहुली हवी आहे. बघ तिच्याकडे! ती उभी आहे! आपल्या पायांवर उभी आहे!"

दादाने बघितलं. मला वाटलं, आता त्याला कळेल. तो मटकन ओट्यावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. एवढा आडदांड माणूस, घट्ट्यांचे खांदे गदगदा हलत होते. "माज्यात काय कमी पडलं, आई? सांग की. काय कमी पडलं?"

आई हात न धुताच त्याच्याजवळ गेली. जमिनीवर बसली, सहज, पोरीसारखी, आणि मनगट त्याच्या पाठीवरून फिरवत राहिली. "काय न्हाई रं. काय बी कमी न्हाई." बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळली. "बाळे, माजं गठूडं बांध."

"आई, नको जाऊ. तिथे गेलीस की पुन्हा..."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मला न चालता येऊन सोसंल. त्येला लोकांनी थुंकलेलं सोसणार न्हाई."

मी रागाने गठुडं बांधलं. माझ्या घरातली एकही वस्तू त्यात नव्हती. आक्का तिच्या खोपटात जाऊन बसली होती ती बाहेर आली नाही. आई तिच्या दारात थोडा वेळ उभी राहिली आणि उरलेला जोंधळा उंबऱ्याशी ठेवून परतली. "तिला नुसतं वाढू नगं," मला म्हणाली. "कामाला बलव. म्हंजे खाईल."

मी बोलावलं पुढे, रोज बोलावलं. पण दोघींनी मिळून जे होत होतं ते एकटीने झालं नाही, आणि आक्का पुढचा पावसाळा काढू शकली नाही.

मोटारअड्ड्यापर्यंत आई आमच्या पुढे चालत गेली. मोटारीची पायरी उंच असते. मागच्याच महिन्यात ती माझ्यासोबत निपाणीला आली होती तेव्हा एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन, कुणाच्या मदतीशिवाय चढली होती. आताही तिने एक पाय पायरीवर ठेवला आणि दांडी धरली. खालून दादाने घाईघाईने हात पुढे केला. आईने त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. दांडी सोडली. दादाच्या हातात हात दिला, सगळा भार त्याच्यावर टाकला, आणि कण्हत, थांबत, त्याने चढवावं तशी चढली.

रडून सुजलेला दादाचा चेहरा उजळला. "दमानं, आई," तो म्हणाला. "मी हाय की."